पाठ केलेला तक्ता

आज पुन्हा धूळ आलीय. इथे कुवेतमध्ये तिला तोझ म्हणतात. सकाळी खिडकीचा पडदा सारला तर समोरची इमारत गायब. तिच्या जागी सगळा पिवळट-तांबूस गढूळपणा, आणि वर सूर्य म्हणून एक फिकट पांढरी टिकली. बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरी काल आत घ्यायला विसरले, म्हणजे आता त्या पुन्हा धुवा. माझा नवरा मंदार मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत आहे. पोचल्यावर त्याचा फोन आला, "अगं, पुढच्या गाडीचे दिवेसुद्धा दिसत नव्हते. तू आज टॅक्सीने जा." मी "बरं" म्हटलं आणि नेहमीसारखी स्वतःच्याच गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली. लेक दप्तर भरता भरता म्हणाली, "मॉम, इट्स जस्ट डस्ट." तिला मराठी सगळी कळते, बोलायची वेळ आली की तेवढं इंग्रजी बाहेर पडतं.

खरं सांगू का, मला हा हंगाम आवडतो. आमच्या इथल्या मंडळातल्या बायका मार्च उजाडला की नाक मुरडायला लागतात. दारं-खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल, दिवसातून दोनदा केर, पोरांच्या शिंका. मलाही हे सगळं करावं लागतं, पण त्या कोरड्या, शाळेतल्या फळ्याजवळ यायचा तसल्या वासाने माझ्या अंगात तरतरी येते. असल्याच एका धुळीच्या दिवशी मला माझ्या कामाचं खरं मोल कळलं. आता मी माझ्या दवाखान्यात लाल डोळे घेऊन आलेल्यांची रांग तपासत असते आणि मनाने तिकडे जाऊन येते.

मी मूळची सांगलीची, शिक्षणाने ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे सोप्या भाषेत चष्म्याचा नंबर काढणारी. लग्न होऊन इथे आले आणि जलीबमधल्या एका चष्म्याच्या दुकानात लागले. जलीब म्हणजे एकेका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या, घरापासून लांब आलेल्या पुरुषमाणसांची वस्ती. कुणी शुऐबाच्या बंदरावर कामाला, कुणी बांधकामावर. त्यांना चष्मा हवा असायचा स्वस्तात आणि आत्ताच्या आत्ता. त्या दुकानाने मला खूप शिकवलं, पण "ही काच बरी की ही?" हे विचारून विचारून माझा जीव विटला होता. मला काचेच्या पलीकडे, डोळ्याच्या आत बघायचं होतं.

म्हणून चाळिशीच्या उंबरठ्यावर मी निवृत्त सैनिकांच्या एका इस्पितळात, डोळ्यांच्या आजारांच्या वर्षभराच्या प्रशिक्षणाला अर्ज केला. निवड झाली. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आता या वयात परत अभ्यास? कशाला जिवाला ताप करून घेतेस गं?" मी म्हटलं, "आई, ताप कसला, हौस आहे." मला हे जमणार याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. बरोबरची पोरं माझ्याहून बरीच लहान होती, पुस्तकं घडाघडा म्हणायची. म्हणोत बापडी. समोर बसलेला माणूस कधी खरं सांगतोय, कधी अंदाजपंचे ठोकून देतोय आणि कधी नुसता मान राखायला "हो हो" म्हणतोय, हे त्यांच्यापेक्षा मला जास्त कळत होतं.

पहिल्यांदा भिंगातून डोळ्याच्या आतला पडदा लख्ख दिसला तो दिवस मला आठवतो. हात स्थिर ठेवायचा, भिंग बोटभर पुढे, किंचित मागे, आणि एकदम पिकल्या आंब्याच्या रंगाचं सगळं समोर उभं राहिलं. लाल रेषा फाटे फोडत कडेपर्यंत गेलेल्या. मी "बाई गं!" म्हणून ओरडलेच. पेशंट दचकला, त्याला वाटलं काहीतरी भयंकर निघालं. आमच्या वरिष्ठ डॉक्टर हुदा, इजिप्तच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्या पलीकडून एवढंच म्हणाल्या, "मनातल्या मनात."

इस्पितळाचा बाहेरचा हॉल म्हणजे एक वेगळंच जग. पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशातले म्हातारे सैनिक, अत्तराचा आणि वेलचीचा वास, घरून आणलेले गहव्याचे थर्मास, खजुराचे डबे. गहवा म्हणजे यांची फिकट, कडवट कॉफी, बिनकानाच्या चिमुकल्या कपातून घोटभर द्यायची. भिंतीवर टोकनचे आकडे बदलत असायचे, पण त्याकडे ढुंकून कोण बघतंय! आत जायचा क्रम ठरायचा हुद्द्यावरून. एकेकाळचा कॅप्टन उशिरा आला तरी एकेकाळचे शिपाई उठून त्याला पुढे धाडायचे. मला ते दुख्तूरा म्हणायचे, म्हणजे डॉक्टरीणबाई, पण त्यांच्यावर ओरडायची माझी छाती नव्हती आणि खरं म्हणजे इच्छाही नव्हती.

त्यात एक जोडी होती. अबू सालेम आणि अबू मिशाल. इथे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात, सालेमचा बाप तो अबू सालेम. दोघं एकाच तुकडीतले. अबू सालेमचा उजवा डोळा इराकच्या आक्रमणाच्या वेळी गेला, लोखंडाचा तुकडा घुसून. डावा राहिला, आणि त्या डाव्यावर साखरेच्या दुखण्याने हळूहळू हात मारायला सुरुवात केलेली. अबू मिशाल त्याला गाडीतून आणायचा, न्यायचा आणि माझ्याशी बोलताना दुभाषाही व्हायचा, कारण याच्या वडिलांचा मुंबईशी गलबताचा व्यापार होता आणि लेकाला हिंदी फर्मास यायची. "बहन, पहले गहवा, बाद में आँख," हे त्याचं ठरलेलं वाक्य. गहवा अबू सालेमचा, ओतायचाही तोच, बडबड मात्र सगळी अबू मिशालची.

तपासणी सुरू व्हायची ती भिंतीवरच्या तक्त्याने. अक्षरओळख नसली तरी चालावं म्हणून त्यावर सगळीकडे एकच खूण असते, तीन बोटं पसरल्यासारखी. प्रत्येक खुणेची बोटं कुठल्या बाजूला आहेत तेवढं सांगायचं. वर, खाली, उजवीकडे, डावीकडे. ओळी खाली खाली बारीक होत जातात. अबू सालेम खुर्चीत पाठ ताठ करून बसायचा आणि कवायतीच्या सुरात शेवटची ओळ म्हणायचा, "फोग! यमीन! तहत! यसार! यसार! फोग!" वर, उजवीकडे, खाली, डावीकडे, डावीकडे, वर. एकही चूक नाही. मी शाबासकी द्यायचे, तो मिशीत हसायचा.

मग आम्ही डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन काढायचो आणि माझं हसू मावळायचं. पडद्याच्या ऐन मध्यावर, जिथे बारीक बघण्याची सगळी ताकद असते, तिथे सूज होती, आणि ती दर खेपेला वाढत होती. अशा सुजेवर उपाय आहे. औषध इंजेक्शनने थेट डोळ्यात द्यायचं, काही महिने, पुन्हा पुन्हा. पण नजर उत्तम असेल तर घाई करत नाहीत, लक्ष ठेवून थांबतात. डॉक्टर हुदा तक्त्याचा निकाल बघायच्या, स्कॅन बघायच्या आणि म्हणायच्या, "नजर टिकून आहे. थांबू." त्यांचं बरोबर होतं. मला मात्र चैन पडेना. एवढी सूज असलेला माणूस शेवटची ओळ अशी घडाघडा वाचतोच कसा? दुकानात मी हजारो माणसं वाचताना पाहिली होती. धडधाकट डोळ्यांचा माणूसही शेवटच्या ओळीला अडखळतो, मान पुढे काढतो, "हे की ते?" करतो. हा पठ्ठ्या कधी पापणीसुद्धा बारीक करायचा नाही. एकुलता एक डोळा, आणि त्याबद्दल मला काहीतरी कळायचं राहतंय, ही टोचणी मी घरी घेऊन यायचे. मंदार म्हणायचा, "तुझी डॉक्टर बघतेय ना?" मी म्हणायचे, "वाचून घेतेय मी, ती नाही."

आणि मग तो धुळीचा दिवस आला. आजच्यापेक्षा जोरदार. निम्मे पेशंट आलेच नव्हते. हे दोघं मात्र हजर, भुवया आणि मिश्या धुळीने पिवळ्या झालेल्या. मी अबू सालेमला खुर्चीत बसवलं, खोलीतला दिवा घालवला आणि तक्त्याच्या पेटीतली ट्यूब लावायला गेले. बटण दाबलं, लागली नाही. पुन्हा दाबलं. ट्यूब गेलेली. मी पेटीवर चापट मारून बघत होते तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "फोग! यमीन! तहत! यसार! यसार! फोग!" आणि वर, "ज़ैन?" म्हणजे, छान ना?

तक्ता काळोखात. त्याच्यापुढे मी उभी, अबू सालेमकडे पाठ करून. आणि स्वारीने शेवटची ओळ बिनचूक वाचलेली!

मला आधी हसूच फुटलं, अगदी पोटातून. चक्क इतके महिने आमच्या डोळ्यांत धूळफेक! मग स्कॅनमधली ती सूज आठवली. मी कपाटातला दुसरा तक्ता काढला, वेगळ्या क्रमाचा, आणि पलीकडच्या उजेडाच्या खोलीत त्याला नेऊन बसवलं. वरची सगळ्यात मोठी खूण त्याने सांगितली. त्याखालची ओळ चाचपडत सांगितली. त्याच्या खालची त्याला सांगता येईना. खुर्चीचा हात त्याने घट्ट धरला होता. 

बाहेर येऊन मी अबू मिशालला गाठलं. "कुणी शिकवलं त्याला?" तो लपवाछपवी करणारा माणूसच नव्हे. छाती पुढे काढून म्हणाला, "मैंने सिखाया. रोज, दीवानिया में." दीवानिया म्हणजे यांच्या घरची पुरुषांची बैठक. तिथे गप्पा आणि चहा चालतो तसा यांचा तक्त्याचा पाठ चालायचा. एकाने आत जाऊन ओळ डोक्यात भरून आणायची, बाकीच्यांकडून घोटून घ्यायची, परवलीचा शब्द घोटतात तशी. फौजेत एकजण चुकला की सगळ्यांना शिक्षा, ही सवय हाडात मुरलेली. हॉलमधल्या निम्म्या म्हाताऱ्यांना तो तक्ता तोंडपाठ होता, हे मला तेव्हा कळलं. पुढे आम्हाला त्या सगळ्यांची तपासणी नव्याने करावी लागली, डॉक्टर हुदांनी चार दिवस माझ्याशी आणि तक्त्याशी एकाच तिरसटपणाने वागल्या.

"पण कशासाठी?" मी विचारलं. अबू मिशाल म्हणाला, "बहन, नजर कमी निकली तो तुम लोग सुई मारेगा. उसके पास एक ही आँख है. हमने उसकी आँख बचाया."

मी त्याच्या शेजारी बसले. म्हटलं, "बचाया नहीं, अबू मिशाल. वो आँख जा रही है. सुई लांबवत राहिलो तर एक दिवस ती कायमची जाईल, आणि मग मीही काही करू शकणार नाही." मराठी, हिंदी काय तोंडाला आलं ते बोलले. त्याच्या हातातली जपमाळ थांबली.  मला त्याच्यावर रागवायचं होतं, ते जमलंच नाही. मित्रासाठी जीव टाकणारा माणूस आपल्या हाताने मित्राला आंधळा करत होता, आणि हे त्याला त्या क्षणी, माझ्यासमोर, कळत होतं. फार वाईट वाटलं मला.

डॉक्टर हुदांनी अबू सालेमला शांतपणे सगळं समजावलं. थेंबांनी डोळा बधिर करतात, सुई केसासारखी असते, क्षणाचं काम. तो ऐकत राहिला, मग उठून उभा राहिला. म्हणाला, "एका डोळ्यात लोखंड गेलं. दुसऱ्यात मी कुणाला घालू देणार नाही." आणि दाराची चौकट हाताने चाचपत निघून गेला. एवढे दिवस ते चाचपणं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी त्याला म्हातारपण समजत होते.

त्याला भित्रा म्हणायची माझी हिंमत नाही. आपण ज्याला भीती म्हणतो ती कधी कधी नुसती आठवण असते. मी रोज माणसांच्या डोळ्यांत भिंग धरून बघते, पण त्या माणसाने आतून काय पाहिलंय ते स्कॅनमध्ये येत नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि तरीही मी हटणार नव्हते. माझा स्वभावच तसा आहे. आई म्हणायची, ही घोरपड आहे, चिकटली की चिकटली.

दोन दिवसांनी अबू मिशालचा फोन आला. "बहन, मैं उसको लाता हूँ. दूसरा चष्मा बनाना है बोलके. वो गहवा देगा. तुम पीना मत." मला कळेना. मग त्याने सांगितलं. यांच्या जुन्या लोकांत रीत आहे. पाहुण्याला काही मागायचं असेल तर तो हातातला गहवा न पिता खाली ठेवतो. यजमानाने समजायचं. "पी, तुझं काम झालं," असं यजमान म्हणत नाही तोवर पाहुणा कपाला ओठ लावत नाही. आणि पाहुणा न पिता उठून गेला तर यजमानाची मान खाली.

"पण इस्पितळात मी कुठली पाहुणी? तोच माझा पेशंट."

"जिसका गहवा, उसका घर," अबू मिशाल म्हणाला.

ते आले. हॉल भरलेला होता. अबू सालेमने थर्मासमधून कप भरला आणि माझ्या दिशेने अंदाजाने धरला. मी तो घेतला आणि समोरच्या बाकावर ठेवून दिला. हात मांडीवर. हॉलमधली कुजबूज हळूहळू थांबली. तिथल्या प्रत्येकाला कळलं होतं. कप ठेवल्याचा आवाज अबू सालेमनेही ऐकला. 

"पी," तो म्हणाला.

मी म्हटलं, "आधी माझं मागणं."

"तुझं मागणं मला ठाऊक आहे. दुसरं काही माग. गाडी माग, देतो."

"गाडी आहे माझ्याकडे."

कुणीतरी खुदकन हसलं. अबू सालेम हसला नाही. अबू मिशालकडे तोंड करून त्याने अरबीत काहीतरी तिखट सुनावलं, तो खाली मान घालून बसला.  हा उठून गेला तर? मग माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. गहवा निवत चालला. वेलचीचा वास तेवढा येत राहिला. मी मोडक्यातोडक्या अरबीत म्हटलं, "अबू सालेम, मी तुमच्या पाठीशी नाही, तुमच्यासमोर उभी राहीन. सुई झाल्याशिवाय हलणार नाही." एवढंच येत होतं मला.

त्याने दोन्ही तळहातांनी तोंड पुसलं. मग हात पुढे करून बाकावरचा कप चाचपून शोधला, उचलला आणि माझ्या हातात दिला. "पी, दुख्तूरा. झालं तुझं काम."

मी तो गारढोण, कडू गहवा एका घोटात संपवला. आजवर तेवढं चांगलं काही प्यायले नसेन.

सुईच्या दिवशी तो त्या अरुंद पलंगावर कवायतीत उभं राहतात तसा ताठ निजला. मी शब्द दिल्याप्रमाणे समोर. अबू मिशालला आत यायची परवानगी नव्हती, पण तो आला तेव्हा डॉक्टर हुदा नेमक्या हात धूत होत्या, त्यांनी मागे वळून बघितलंच नाही. अबू मिशालने मित्राचा पाय धरून ठेवला. थोड्या वेळाने अबू सालेमने दात आवळून विचारलं, "कधी मारणार?" डॉक्टर हुदा हातमोजे काढत म्हणाल्या, "झाली."  मग अबू सालेमने अरबीत अबू मिशालला एक सणसणीत शिवी हासडली, जिचा अर्थ मला कुणी सांगितला नाही.

पुढे दोघं दर महिन्याला येत राहिले. कधी सूज उतरायची, कधी हट्टाने तिथेच बसायची. मी काही देव नाही, गेलेलं सगळं परत येईल असं मी त्याला कधी सांगितलं नाही. पण हात आखडता घ्यायचा नाही, एवढं ठरवलं होतं. उन्हाळा चढला, धुळीचा जोर वाढला आणि ओसरायलाही लागला, माझं प्रशिक्षण संपत आलं.

शेवटच्या आठवड्यात मी त्याला कुणीही न पाहिलेल्या तक्त्यासमोर बसवलं. तो वाचायला लागला, आणि काय सांगू, अडखळला! मान पुढे काढली. "यमीन... नाही, थांब... फोग." एक ओळ उतरला, आणखी एक उतरला. त्याखालच्या ओळीत दोन चुकला. मागून अबू मिशालला राहवेना, तो काहीतरी पुटपुटायला गेला तशी मी त्याला डोळे वटारून गप्प केलं. शेवटच्या ओळीपर्यंत अबू सालेम पोचला नाही, पण जिथे पोचला ते सगळं त्याचं स्वतःचं होतं. मी खोलीतला दिवा लावला आणि थेंब घालायला त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले.

तो माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागला. जुना माणूस, परक्या बाईकडे असं रोखून कधी बघायचा नाही, म्हणून मी जरा गडबडले. मग त्याने स्वतःच्या नाकपुडीवर बोट ठेवलं.

"दुख्तूरा, हे काय? आज नवीन घातलंस?"

माझी चमकी. बाजरीच्या दाण्याएवढा खडा. आठवीत असताना आजोळी नाक टोचलं, तेव्हापासून ती तिथेच आहे.

"नवीन नाही, अबू सालेम. पहिल्या दिवसापासून आहे."

तो थोडा पुढे झुकला आणि पुन्हा एकदा नीट बघितलं.

"चमकतंय," तो म्हणाला.

मी थेंबांची बाटली शोधायला वळले. ट्रेमध्ये बघितलं, कपाट उघडून बघितलं. बाटली माझ्या हातातच होती.